२२ नंबरचं पातं, उकळतं पाणी आणि बैलाचा खांदा

यवतमाळ-वर्ध्याकडच्या गावांतल्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: "२२ नंबरचं सर्जिकल ब्लेड जनावरांसाठीच असतं. उकळून घ्या, कितीदाही वापरा, बैलाची खांदेसूज घरीच फोडा." हे चुकीचं आहे.

नंबर पात्याचा आकार सांगतो, माणूस की जनावर हे नाही. १०, ११, १५ ही पाती ३ नंबरच्या मुठीला बसतात, २० ते २४ ही ४ नंबरच्या. माणसांच्या ऑपरेशनलाही २२ चालतंच.

उकळण्याचं तर फारच घातक. धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू साध्या उकळत्या पाण्यात खात्रीनं मरत नाहीत, आणि शेळ्या-मेंढ्यांना धनुर्वात लवकर धरतो. पाकीटबंद पातं निर्जंतुक असतं ते एकदाच्या वापरापुरतं. कार्बन स्टीलचं असेल तर उकळून गंजतं, धारही जाते.

खांदेसुजेत दरवेळी पू नसतो. कच्ची सूज कापली तर रक्त वाहतं, जखम चिघळते, ऐन वखरणीत बैल बसतो. पिकली की नाही हे डॉक्टरांनाच तपासू द्या. १९६२ हा टोल-फ्री नंबर त्यासाठीच आहे.

आणखी एक, मेसेजमध्ये नसलेलं. वापरलेलं पातं उकिरड्यावर किंवा कुटाराजवळ फेकू नका, हात जोडून सांगतो. गाय चाऱ्यासोबत लोखंड गिळते, ते पोटाच्या जाळीत अडकून थेट हृदयापर्यंत टोचत जातं. जाड प्लास्टिकच्या डब्यात झाकण लावून ठेवा, डॉक्टर आले की त्यांच्याकडे द्या.