पाटी मराठी झाली, साठ्याचं काय?

दुकानांच्या मराठी पाट्यांचा वाद आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अजूनही अधूनमधून उसळी मारतो. 2022 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरी पाटी सक्तीची झाली आणि मराठी अक्षरं दुसऱ्या भाषेपेक्षा लहान नकोत असं ठरलं. सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. मुंबई-पुण्यात त्यावरून बरंच रान पेटलं. यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात मात्र पान हललं नाही, कारण तिथल्या पाट्या आधीपासूनच देवनागरीत आहेत: ‘किराणा अँड जनरल स्टोअर्स’, ‘मेडिकल स्टोअर्स’, ‘मोबाईल शॉपी’. कायदा अक्षरं मोजतो, शब्द तपासत नाही. (‘शॉपी’ म्हणजे दुकान, असं इंग्रजी बोलणाऱ्या कुणाच्या तोंडून मी अजून ऐकलेलं नाही. पण आमच्याकडे मोबाईल शॉपी नसलेला बसस्टँड दाखवा!)

मी राहतो अमेरिकेत, इलिनॉय राज्यात, ब्लूमिंग्टनजवळ. इथे दुकानाला स्टोअर म्हणतात. ग्रोसरी स्टोअर, हार्डवेअर स्टोअर. शॉप म्हटलं की कारागिरी किंवा छोटेखानी धंदा आठवतो: न्हाव्याचं शॉप, गाडी दुरुस्तीचं शॉप. इंग्लंडात याच्या उलट, तिथे साधं दुकान म्हणजे शॉप आणि स्टोअर्स म्हणजे साठवलेला माल. अमेरिकेत वसाहतींच्या काळात साता समुद्रापलीकडून येणारा माल जिथे रचून ठेवायचा, तिथूनच तो विकायचा. म्हणून साठवणीचं नाव दुकानाला चिकटलं. आपणही तेच केलंय. भांडार म्हणजे मुळात साठ्याची जागा, आणि आज खादी भांडार, ग्राहक भांडार ही दुकानं. लाकडाची वखार साठवतेही आणि विकतेही. तेव्हा पाटीवर ‘स्टोअर्स’ आलं म्हणून मराठी बुडाली, असं मला वाटत नाही. ‘दुकान’ तरी कुठे आपलं होतं, तेही फारसीतून आलं. गोदामही बाहेरचंच, आणि ते इंग्रजांनी ‘गोडाऊन’ करून आपल्याला परत दिलं. इथल्या सहकाऱ्याला गोडाऊन म्हणालो तर तो तोंडाकडे बघत राहतो. त्याला वेअरहाऊस म्हणावं लागतं.

मला खुपतं ते वेगळं. दुकानाचे शब्द बदलले, पण दुकानं राहिली, वाढलीसुद्धा. साठवणीचे शब्द गेले ते वस्तूंसकट गेले. शेणाने सारवलेली कणगी, जमिनीतलं पेव, भिंतीतलं बळद हे माझ्या आजीच्या पिढीला रोजचं होतं. आता घरात फार तर पत्र्याची एक कोठी असते, आणि तिच्यात रेशनचे तांदूळ. ज्या घरची तूर बाजार समितीत गेली, त्याच घरात दोन महिन्यांनी किराणा स्टोअर्समधून तुरीची डाळ किलोने येते. पाटीवरच्या ‘स्टोअर’वर भांडणाऱ्यांना एवढंच विचारावंसं वाटतं की, गावात खरं स्टोअर कुणाकडे आहे?

उत्तर कापसाच्या दिवसांत दिसतं. भाव चढेल म्हणून थांबायचं ठरलं की कापूस ठेवायला जागा एकच, राहतं घर. आमच्या आतेभावाकडे पुढची खोली आढ्यापर्यंत भरलेली असते. फ्रीज ओसरीत येतो, खाट ओसरीत येते, पोरांचं दप्तर कापसात हरवतं. महिना उलटला की अंगाला खाज सुटते. दिवाबत्ती जपून करावी लागते, कारण एक ठिणगी पडली तर कापूस आणि घर दोन्ही गेलं. त्याला म्हटलं, सोयाबीन तरी ठेवायचं होतं थोडं. तो म्हणाला, “ठेवाले जागा कोठी हाये भाऊ? अन् ठेवून देनंदारायले काय सांगू?”

त्या बोलण्याचा दुसरा भाग, उधारी मागणाऱ्यांचा, जास्त महत्त्वाचा. बियाणं, खत, फवारणीचं औषध जूनमध्ये उधारीवर येतं आणि वसुली दिवाळीला असते. कित्येक ठिकाणी उधार देणारा दुकानदारच शेतमालही घेतो. खळ्यातून सोयाबीन निघालं की ओलंच विकलं जातं. नाहीतर खेडा खरेदीवाला, म्हणजे गावात येऊन माल घेणारा व्यापारी, दारात काटा लावून उभाच असतो. हमीभावाच्या केंद्रावर ओलाव्याची अट 12 टक्के होती. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राने ती त्या हंगामापुरती 15 टक्क्यांपर्यंत सैल केली. तोवर बऱ्याच जणांचा माल व्यापाऱ्याकडे गेला होता. वाळवायला जागा आणि थांबायला पैसा, दोन्ही नसले की अट किती टक्क्यांची आहे यानं काय फरक पडतो?

इथे मॅक्लीन काउंटीत, म्हणजे आमच्या जिल्ह्यात, जिथे मका आणि सोयाबीनशिवाय डोळ्याला काही दिसत नाही, प्रत्येक शेतघराशेजारी पत्र्याच्या गोल टाक्या उभ्या असतात. त्यांना बिन म्हणतात. खाली पंखा, आत हवा खेळती. अमेरिकेत धान्य साठवायची निम्म्याहून जास्त क्षमता शेतकऱ्यांच्या स्वतःच्या शेतावर आहे. टाकी बांधायला सरकारी कर्ज वेगळं. शिवाय टाकीतल्या मालावर नऊ महिन्यांचं कर्ज मिळतं आणि त्यासाठी माल शेतावरून हलवावा लागत नाही. भाव पडलाच तर ठरल्या अटींवर धान्य सरकारच्या स्वाधीन करून कर्जातून मोकळं होता येतं. एलेव्हेटरवाले, म्हणजे गावातले धान्याचे उंच कोठारवाले, सोयाबीनच्या ओलाव्याला 13 टक्क्यांचं माप लावतात. त्याहून ओला असला तर पैसे कापतात.

हे सगळं गोऱ्यांच्या शिस्तीमुळे झालं, असं सांगणारे आमच्याच मराठी मंडळात भेटतात. मला ते पटत नाही. हे भांडून मिळालेलं आहे. एकोणिसाव्या शतकात शिकागोतल्या मोजक्या कोठारवाल्यांनी शेतकऱ्यांना नाडलं होतं. साठवणीचं भाडं ते म्हणतील ते, वजन आणि प्रतही ते म्हणतील ती. शेतकरी संघटित झाले आणि 1870 मध्ये इलिनॉयने धान्य कोठारांसाठी थेट राज्यघटनेत कलम घातलं. पुढच्या वर्षी भाड्याची कमाल मर्यादा ठरवणारा कायदा आला. कोठारवाले कोर्टात गेले आणि 1877 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात हरले. खासगी कोठार असलं तरी त्यात लोकांचं हित गुंतलेलं आहे, म्हणून सरकार दर ठरवू शकतं, असा तो निकाल.

त्याच 1870 साली आपल्याकडे व्हाईसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आला होता, जलंबहून येणाऱ्या रेल्वेचं आणि कापूस बाजाराचं उद्घाटन करायला. वऱ्हाडात रूळ आले, गाठी बांधायचे प्रेस आले, ते सगळं कापूस लवकरात लवकर मुंबईला आणि तिथून बोटीवर जावा म्हणून. माल रोखून धरता यावा ही तिथे कुणाचीच गरज नव्हती. दीडशे वर्षांनंतरही आमच्या तालुक्याची रचना माल बाहेर काढण्याचीच आहे, हे मला राज्याबाहेर पडल्यावर नीट दिसलं.

पण इथलं उचलून तिथे ठेवा, हे सांगायला मी बसलेलो नाही. इथल्या शेतकऱ्याकडे शेकड्यांनी एकर आहेत, आमच्या आतेभावाकडे पाच. त्याच्या अंगणात टाकी परवडत नाही. आणि टाक्यांच्या या प्रदेशात दुसरीच गोष्ट मरून पडली आहे. आसपासच्या छोट्या गावांत किराणा दुकान शिल्लक नाही. चोहीकडे धान्याच्या टाक्या भरलेल्या आणि दुधाच्या एका कॅनसाठी वीस मैल गाडी हाकायची. 2023 मध्ये इलिनॉय सरकारला अशा भागांत किराणा दुकानं टिकावीत म्हणून मदतीचा कायदा करावा लागला. आमच्या गावात रात्री दहाला दार वाजवलं तरी साखर मिळते, तीही वहीवर लिहून.

या देशाला साठवायचं वेडही आहे. घरात मावेनासं झालेलं सामान ठेवायला भाड्याच्या खोल्या मिळतात, त्याला सेल्फ स्टोरेज म्हणतात. अशा खोल्यांची संकुलं देशभरात पन्नास हजारांहून जास्त आहेत. त्यात जुने सोफे, न वापरलेली व्यायामाची यंत्रं. दर महिन्याला भाडं चालू. कणगीवाल्या आजीला हे कळलं असतं तर तिने कपाळावर हात मारला असता.

साठवलं की भाव मिळतोच असंही नाही. 2021 च्या उन्हाळ्याअखेर सोयाबीन क्विंटलला दहा हजारांवर गेलं होतं. तो भाव पुन्हा येईल म्हणून 2023-24 च्या हंगामात ज्यांनी थांबून पाहिलं, त्यांच्या हातात साडेचार हजारसुद्धा धड आले नाहीत. साठवण म्हणजे भावाची हमी नव्हे. कधी विकायचं हे दुसऱ्याने ठरवू नये, इतकाच तिचा उपयोग. पण तो इतकाच उपयोग आज पाच एकरवाल्याकडे नाही.

आपल्याकडे योजना नाहीत असं नाही. राज्य वखार महामंडळ 1957 पासून आहे. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990-91 पासून आहे: बाजार समितीच्या गोदामात माल ठेवा, किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज घ्या, व्याज 6 टक्के, मुदत 180 दिवस. ऑक्टोबरचं सोयाबीन एप्रिलपर्यंत थांबू शकतं. कागदावर यात खोट काढायला जागा कमी आहे. अडचण माल गोदामापर्यंत नेण्याची आहे. पंधरा-वीस क्विंटलसाठी गाडीभाडं, हमाली, बारदाना, तालुक्याला खेटे, आणि गोदामात जागा आहे की व्यापाऱ्याच्या थप्प्या लागल्यात हे तिथे गेल्यावर कळणार. साठेबाजी हा शब्दही आपण घाऊक वापरतो. 2023 आणि 2024 मध्ये तुरीवर साठा मर्यादा आली, ती घाऊक व्यापाऱ्यांना 200 टन आणि किरकोळ दुकानाला 5 टन. शेतकऱ्यावर बंधन नव्हतं, पण मर्यादा आली की बाजार थंडावतो आणि ज्याच्याकडे ठेवायला जागा नाही तोच आधी हात टेकतो.

फेब्रुवारी 2024 मध्ये सहकारी सोसायट्यांच्या गोदामांचा जो पथदर्शी प्रकल्प सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातून अमरावती जिल्ह्यातली नेरपिंगळाईची सोसायटी होती. गावपातळीवरचं कोठार ही दिशा मला योग्य वाटते, टाकीपेक्षा आणि तालुक्याच्या वखारीपेक्षाही. आमच्या ग्रुपवर पाट्यांच्या वादात मी हेच टाकलं. आपल्या सोसायटीच्या पुढच्या आमसभेत विचारा म्हटलं: गोदाम मागितलंय का, आलं तर दहा क्विंटलवाल्याचा माल घेणार का, आणि पावती त्याच दिवशी हातात देणार का. पाटीवर गोदाम लिहा, कोठार लिहा, नाहीतर वेअरहाऊस, पण ओलावा मोजायचं यंत्र आणि वाळवायला सिमेंटचं खळं त्याच आवारात असू द्या.