बेल्ट लावू नकोस म्हणे!

‘अमेरिकी शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं आहे’ अशी सुरुवात दिसली की मी मेसेज उघडतही नाही. हाही उघडला नसता. पण तो मावशीने वाचला, खरा मानला आणि व्हिडिओ कॉलवर टेक्सासमधल्या नातीला दम भरला, "बसमध्ये तो पट्टा अजिबात लावायचा नाही, कळलं का?" नात दुसरीत आहे. तिच्या स्कूल बसला बेल्ट आहेत आणि ते कसे लावायचे हे शाळेने शिकवलंय. आजी खरी की शाळा, हे आता त्या पोरीने ठरवायचं. मावसबहिणीचा फोन आला तो रडकुंडीला येऊनच: "आईला तूच सांग बाई, माझं ती ऐकत नाही."

मेसेजचा सारांश असा. अमेरिकेतल्या पिवळ्या स्कूल बसना सीटबेल्ट नसतात, कारण बेल्टमुळे मुलं जास्त दगावतात आणि आग लागली तर आत अडकतात. स्कूल बस हे सगळ्यात सुरक्षित वाहन आहे. तिचे नियम १९३९ साली ठरले आणि ते इतके अचूक होते की पुन्हा बदलावे लागले नाहीत. आता कोणी बदल मागत असेल तर तो बेल्ट कंपन्यांचा धंदा समजा. शिवाय पिवळा रंग लाल रंगापेक्षा सव्वापट लवकर दिसतो. खाली नमस्काराचे हात आणि ‘प्रत्येक पालकापर्यंत पोचवा’.

आगीपासून सुरुवात करते, कारण मावशी घाबरली ती त्यालाच.

१४ मे १९८८. केंटकी राज्यात कॅरल्टनजवळ रात्री एका बसला चुकीच्या दिशेने आलेल्या पिकअपने समोरून धडक दिली. पिकअपचा चालक दारू प्यायलेला होता. बस पूर्वी शाळेची होती, नंतर एका चर्चने घेतलेली. आत बहुतेक शाळकरी मुलं, सहलीवरून परतणारी. २७ जण गेले. धडकेने त्यांतलं एकही गेलं नाही, सगळे आगीने आणि धुराने गेले. पुढच्या दाराजवळची पेट्रोलची टाकी, तिला भोवती कसलं संरक्षण नाही, ती फुटली. पुढचं दार निकामी झालं. सीटमधला फोम पेटून विषारी धूर झाला. साठहून जास्त माणसं अंधारात अरुंद वाटेने मागच्या एका दाराकडे लोटली आणि तिथेच कोंडली.

या बसमध्ये एकाही मुलाने बेल्ट लावलेला नव्हता. बसला बेल्ट नव्हतेच! म्हणजे ‘बेल्ट नसेल तर मुलं पटकन बाहेर पडतात’ याची इतकी भयानक परीक्षा झाली आणि उत्तर काय आलं, ते वर लिहिलंय. मुलं अडकली ती टाकीमुळे, फोममुळे, दारं कमी असल्यामुळे.

आणि आता खरा मुद्दा. स्कूल बसच्या इंधन टाकीला धडकेपासून संरक्षण हवं, हा राष्ट्रीय नियम अमेरिकेत १ एप्रिल १९७७ पासून लागू झाला. ही बस त्याच्या काही दिवस आधी तयार झाली होती. नियम नवीन गाड्यांना लागतो, जुन्यांना नाही, म्हणून ती कायदेशीररीत्या अकरा वर्षं रस्त्यावर राहिली. ‘नियम बदलायची गरज नाही’ म्हणणाऱ्याने ही तारीख एकदा नीट बघावी. त्या अपघातानंतर, १९९२ साली, बाहेर पडण्याच्या मार्गांचा नियमही बदलला: बसमध्ये जितकी जास्त मुलं, तितकी जास्त आपत्कालीन दारं, खिडक्या किंवा छतातली झडप.

शिवाय साधी गोष्ट आहे. धडकेत सीटवरून उडून डोकं आपटलेलं, शुद्ध हरपलेलं मूल आगीतून बाहेर कसं येणार? जागेवर राहिलेलं, शुद्धीवर असलेलं मूल बटण दाबून उठू तरी शकतं.

आता ‘बेल्टमुळे मुलं दगावतात’. मेसेज लिहिणाऱ्याने हे हवेतून काढलेलं नाही, अर्धवट वाचलंय. नाइलाजाने का होईना, तेवढं श्रेय देते. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने, म्हणजे एनएचटीएसएने, २००२ साली काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, एक अहवाल दिला. त्यासाठी खरी स्कूल बस ताशी ३० मैलांनी, म्हणजे साधारण ४८ किलोमीटर वेगाने, भिंतीवर आदळवली होती आणि पुढे प्रयोगशाळेत तशाच धक्क्यात सीटवर पुतळे बसवून मोजमापं घेतली. नुसता कंबरेचा पट्टा बांधलेल्या पुतळ्यांचं काय झालं? कंबर जागेवर, वरचं धड पुढे फेकलं गेलं आणि मानेवरचा ताण पट्टा न लावलेल्यांपेक्षाही वाढला. मेसेजवाला बहुधा इथवर वाचून थांबला.

पुढचं पान असं: कंबर आणि खांदा दोन्ही धरणारा, गाडीत असतो तसा थ्री-पॉइंट बेल्ट नीट लावला, तर डोकं आणि मान दोन्हींचा बचाव सगळ्यात चांगला झाला. ‘नीट’ हा शब्द महत्त्वाचा, कारण खांद्याचा पट्टा टोचतो म्हणून पाठीमागे सारला, की तो नुसत्या कंबरपट्ट्यासारखाच वागतो, हेही त्यात आलं आहे. मावशी, नातीला काही बजावायचंच असेल तर हे बजाव. पट्टा पाठीमागे घालू नकोस, म्हण.

मग अमेरिकेतल्या कित्येक मोठ्या बसना बेल्ट का नसतात? तिथे १९७७ पासून मोठ्या बसमध्ये दुसरी युक्ती आहे: उंच पाठीच्या, जाड गादीच्या सीट एकमेकींना खेटून लावायच्या, म्हणजे धडकेत मूल पुढच्या सीटच्या गादीवर आदळतं आणि तीच धक्का शोषून घेते. पेंढ्यात बसवलेल्या आंब्यांसारखं. पेटी समोरून आपटली तर आंबे वाचतात, पण पेटी कलंडली तर पेंढा काय करणार? बस उलटली किंवा बाजूने धडक बसली की हीच अडचण येते. २०१६ च्या नोव्हेंबरात टेनेसीतल्या चॅटनुगा शहरात वेगात असलेली स्कूल बस रस्ता सोडून खांबावर आदळली, कलंडली आणि झाडात घुसली. सहा मुलं गेली. त्यानंतर २०१८ मध्ये एनटीएसबी या अपघात तपास मंडळाने राज्यांना सांगितलं की सगळ्या नव्या मोठ्या स्कूल बसना थ्री-पॉइंट बेल्ट सक्तीचे करा. त्याआधी २०१५ मध्येच एनएचटीएसएचे प्रमुख मार्क रोझकाइंड यांनी जाहीर सांगितलं होतं की प्रत्येक स्कूल बसमधल्या प्रत्येक मुलाला असा बेल्ट मिळाला पाहिजे. ‘अमेरिकी शास्त्रज्ञ’ हवे होते ना? हे घ्या.

आणि ‘स्कूल बसना बेल्ट नसतात’ हे मुळात सरसकट खरंही नाही. दहा हजार पौंड वजनापर्यंतच्या लहान स्कूल बसना केंद्रीय नियमानेच १९७७ पासून बेल्ट लागतात, २०११ पासून थ्री-पॉइंट. मोठ्या बसचा निर्णय राज्यांवर सोडलाय. कॅलिफोर्नियात आहेत, टेक्सासमध्ये २०१७ च्या कायद्याने नव्या बसना आहेत. न्यू जर्सीने आधी नुसता कंबरपट्टा सक्तीचा केला होता, २०१८ च्या एका अपघातानंतर तो बदलून थ्री-पॉइंट केला. शहाणी माणसं असंच करतात.

सगळ्यात सुरक्षित वाहन? बरं, हे बऱ्यापैकी खरं आहे. एनएचटीएसएच्याच म्हणण्यानुसार गाडीने जाण्यापेक्षा बसने जाणारं मूल शाळेत सुखरूप पोचण्याची शक्यता सुमारे ७० पट जास्त. पण बस इतकी सुरक्षित झाली ती आपोआप? टाकीचा पिंजरा, सीटची पाठ, दारं, छत, हे सगळं कोणीतरी भांडून नियमात घातलं म्हणून झाली. ती सुरक्षित आहे म्हणून नियमांना हात लावू नका, हा तर्क मला अजून कळलेला नाही.

१९३९ चं म्हणाल तर त्या साली न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात फ्रँक सायर या प्राध्यापकांनी राज्यांचे अधिकारी आणि बस बनवणारे यांना एकत्र बसवलं आणि ४४ मानकं ठरवली, हे खरं. बदलली नाहीत, हे धादांत खोटं. ती परिषद पुढे पुन्हा पुन्हा भरत आली आणि तिच्या शिफारशी दर खेपेला सुधारत गेल्या. २०१५ नंतरची बैठक महामारीमुळे लांबली ती थेट २०२५ मध्ये आयोवात झाली. त्या शिफारशी, मानायच्या की नाही ते राज्य ठरवतं. केंद्रीय मानकं मात्र बस बनवणाऱ्याला बंधनकारक, आणि तीही बदलतात: सीटच्या पाठीची उंची २० इंचांवरून २४ इंच केली, ती २००८ च्या नियमाने.

धंद्याचा आरोप मी चटकन उडवून लावणार नाही. बेल्टमुळे बस काही हजार डॉलरने महागते आणि कोणीतरी ते बेल्ट विकतं, हे आहेच. टेक्सासच्या कायद्यात तर शाळा मंडळाला जाहीर बैठकीत ‘आमच्याकडे पैसे नाहीत’ असा ठराव करून सूट घेता येते. पैशाचं भांडण पैशाच्या भाषेत करा. त्यासाठी बेल्ट मुलं मारतो असं सांगत फिरायची काय गरज?

राहिला पिवळा रंग. सव्वापट की दीडपट, मला देणंघेणं नाही. सायर यांच्या परिषदेने तो निवडला, कारण पहाटे-संध्याकाळी अंधुक उजेडात त्यावरची काळी अक्षरं नीट वाचता येतात. बस दिसते, याबद्दल वादच नाही. पण दिसूनही लोक थांबत नाहीत. मुलं चढता-उतरताना बसच्या कुशीतून लाल ‘स्टॉप’ची पाटी बाहेर येते, तेव्हा मागून-पुढून येणाऱ्या गाड्यांनी थांबायचं असा तिथला कायदा आहे. तरी राज्यांच्या विद्यार्थी-वाहतूक संचालकांच्या संघटनेच्या अंदाजाने एका शैक्षणिक वर्षात सुमारे चार कोटी वेळा गाड्या ती पाटी ओलांडून सुसाट जातात. नव्या बसवर ही पाटी राष्ट्रीय नियमाने सक्तीची झाली तीही १९९२ मध्ये, १९३९ मध्ये नव्हे. आता कित्येक राज्यांनी पाटीजवळ कॅमेरे बसवून दंड लावायला सुरुवात केली आहे.