क्लोईने कुणालाही विष दिलं नाही

ह्यूस्टनच्या भाचीने काल घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. खाली लिहिलं, "मामा, सुट्टीत मुलांना घेऊन इथेच राहणार आहोत!" 'इथे' म्हणजे लुइझियानात सेंट फ्रान्सिसव्हिलला असलेला 'मर्टल्स', जुन्या मळेवाल्यांचा वाडा. आता तिथे हॉटेल आहे.

मेसेज असा: क्लोई नावाची गुलाम बाई मालकाची, म्हणजे क्लार्क वुड्रफची, 'लाडकी' होती. दाराआडून ऐकताना सापडली म्हणून त्याने तिचा कान कापला. तिने कण्हेरीची पानं उकळून केकमध्ये घातली आणि मालकीण सारा व दोन मुली मेल्या. मग इतर गुलामांनीच तिला फासावर लटकवलं. वाड्यात एकूण खून दहा.

सारा 1823 साली पीतज्वराने गेली. मुलं गेली 1824 मध्ये. मग तिघांना मारणारा केक एकच कसा? आणि त्या दोन मुलीही नव्हत्या. जेम्स हा मुलगा, कॉर्नेलिया ही मुलगी. तिसरी, मेरी ऑक्टेव्हिया, चांगली मोठी होऊन जगली. वुड्रफच्या गुलामांच्या नोंदींत क्लोई नावाची बाईच नाही.

कण्हेर विषारी असते, हे मान्य. आमच्या परसातल्या कण्हेरीला हात लावला की आजी हात धुवायला पिटाळायची. पण झाड विषारी म्हणून खून झाला असं होत नाही.

मला सगळ्यात जास्त चीड 'लाडकी' या शब्दाची येते. जिला नाही म्हणायची सोयच नव्हती, ती लाडकी कशी? लुइझियानात माणसांच्या याद्या नाव, वय आणि किंमत लिहून व्हायच्या. त्या याद्यांतली खरी नावं कुणी वाचत नाही. डासांनी पसरवलेल्या तापाचं पाप मात्र एका नसलेल्या गुलाम बाईच्या माथी मारायचं आणि तिला फासावर चढवायलाही गुलामच उभे करायचे!

दहा खुनांपैकी खरा एकच: 1871 साली वाड्यात राहणाऱ्या विल्यम विंटरला गोळी घातली. तीही व्हरांड्यात. तो जिन्याच्या सतराव्या पायरीपर्यंत चढून बायकोच्या मिठीत मेला, ही भर नंतरची. वाडा अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या दफनभूमीवर बांधलाय, या गोष्टीला तर पुरावाच नाही.

भाचीला लिहिलं, वाडा बघायचा तर बघ. पण त्याच राज्यात व्हिटनी मळा आहे, 2014 पासून तिथे गुलामांचं संग्रहालय आहे, तिथल्या गुलामांची नावं दगडात कोरलेली आहेत. एक दिवस त्यासाठी काढ आणि मुलांना ती नावं मोठ्याने वाचायला लाव.