चार सेंटीमीटरचा नवतपा

नागपूरच्या माणसाला थंड हवा कशी मिळवावी हे कोणी शिकवायला जाऊ नये. मार्च लागला की तो कूलर बाहेर काढतो, ताट्या बदलतो, टाकीला रंग मारतो, पंप अडला तर दोन थापडा देऊन चालू करतो. घरघर ऐकू आली तर बुश गेलं की पातं घासतंय हे शेजारच्या खोलीतून सांगतो. हाच माणूस कॉम्प्युटरच्या पोटातल्या मदरबोर्डावरच्या चिपसेट नावाच्या चिपचा चार सेंटीमीटरचा पंखा बंद पडला की हातपाय गाळतो. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात जातो, काउंटरवर बोर्ड ठेवतो आणि उत्तर ऐकतो, "हा पंखा नाही भेटत बा. बोर्डच बदलून टाका." टाकीला भोक पडलं म्हणून घर विकायला सांगण्यातला हा प्रकार, पण आपण मान डोलावतो.

प्रोसेसर हा मदरबोर्डावरचा नवरदेव. डोक्यावर भलामोठा पंखा आणि तब्येतीची चौकशी सगळ्यांकडून. चिपसेट म्हणजे मांडवातले ते काका, जे आचाऱ्याशी, बँडवाल्याशी आणि गाडीवाल्याशी एकटेच बोलत असतात. यूएसबी, हार्ड डिस्क, नेटवर्क यांची बरीचशी देवाणघेवाण त्यांच्याच हातून होते. काकांना चक्कर आली की नवरदेव ठणठणीत असूनही लग्न अडतं. २००५ च्या सुमारास एनव्हिडियाच्या एनफोर्स४ चिपसेटच्या कित्येक बोर्डांवर काकांना हा छोटा पंखा दिलेला असायचा. नंतर बरीच वर्षं नुसत्या हीटसिंकवर, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्यावर भागलं. २०१९ मध्ये एएमडीचा एक्स५७० चिपसेट आला, सोबत पीसीआय एक्सप्रेस ४.०, म्हणजे कार्डं आणि डिस्क जोडायचा जास्त वेगवान मार्ग आला, चिपसेट साधारण ११ वॉटवर गेला आणि पंखा परत आला. २०२१ मध्ये एक्स५७०एसचे बोर्ड आले ते पंख्याविना. कंपन्यांनाही त्याचा कंटाळा आला होता म्हणायचा.

हा पंखा मरतो, कारण तो जगावा अशी व्यवस्थाच नसते. पातं लहान, म्हणून मिनिटाला पाच-सहा हजार फेरे. आत बहुतेक वेळा साधं बुश, त्यात थेंबभर तेल. वर ग्राफिक कार्ड छपरासारखं पसरलेलं आणि ते आपली गरम हवा ह्याच्याच डोक्यावर सोडणार. तेल सुकतं, धूळ त्यात मिसळून मलम होतं. पहिले काही आठवडे सकाळी चालू करताना खर्रर्र आवाज येतो, दहा मिनिटांनी थांबतो. मग एका सकाळी आवाजच येत नाही आणि घरात आनंदीआनंद होतो. आपोआप सुधारला म्हणे!

त्यानंतर दुपारी तीनला पेनड्राइव्ह गायब होतो, हार्ड डिस्क दिसेनाशी होते, माउस जागच्या जागी थिजतो. रात्री अकराला सगळं सुरळीत. आपल्याकडे ह्यावर एकच राष्ट्रीय उपाय आहे, विंडोज फॉरमॅट. ते काम रात्री होतं, रात्री मशीन चालतंच, त्यामुळे श्रेय फॉरमॅटला मिळतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला पेनड्राइव्ह पुन्हा गायब.

खात्री करायची तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, चिपसेट फॅनचा वेग पाहा. शून्य दिसला तर संशय बळावतो, पण एक्स५७०च्या काही बोर्डांवर चिप गार असताना पंखा मुद्दाम थांबवलेला असतो, तेव्हा मशीनला जड काम देऊन पंखा फिरतो का ते पुन्हा पाहावं. तापमानाच्या आकड्यावर डोळे झाकून विसंबू नये. १२७ किंवा उणे ५५ असलं काही दिसलं तर तिथे सेन्सर जोडलेलाच नाही असं समजायचं. आकड्यांचं काय घेऊन बसलात, मे २०२४ मध्ये आपल्या रामदासपेठेतल्या स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते. देशभर बातमी झाली आणि मग हवामान खात्याने सेन्सरच बिघडल्याचं सांगितलं. म्हणून हीटसिंकला बोट लावा. पाच सेकंद टेकवता आलं तर पन्नाशीच्या आसपास, लगेच मागे आलं तर साठीच्या पुढे.

हिशेब साधा आहे. समजा पंख्याविना हीटसिंक दर वॉटला ४ अंश चढतो आणि चिप १० वॉट खाते. म्हणजे खोलीपेक्षा ४० अंश जास्त. डिसेंबरात खोली २५, चिप ६५, कोणाची तक्रार नाही. मे महिन्यात, नवतपाच्या त्या तापत्या नऊ दिवसांत, बंद खोली ४२, चिप ८२. त्यात कॅबिनेटच्या आतली हवा आणखी दहा अंश गरम धरा, की नव्वदी ओलांडली. हाच बोर्ड महाबळेश्वरात पंख्याविना सुखाने म्हातारा झाला असता.

आज रात्रीच काम संपवायचं असेल तर कॅबिनेटचं झाकण काढा आणि टेबल फॅन आत रोखा. ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने मशीन पळवणं, केलं असेल तर ते बंद करा. टेबल फॅनची युक्ती दिसायला गावठी, पण चिपसेटला एवढ्यानेही मोठा आराम पडतो. कूलर मात्र रोखू नका. खोली गार झाली तर उत्तमच, पण थेट झोतात तुषार येतात, आणि बोअरच्या पाण्याचे जे पांढरे थर ताट्यांवर बसतात ते बोर्डावर बसलेले परवडणार नाहीत.

नंतर तेल. प्लग काढा, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या धातूला हात लावा. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज भरपूर साठते, म्हणून हे विसरू नये. पंख्याचं स्टिकर सोलून खाली रबरी बूच असेल तर काढा, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाका, बोटाने फिरवा, सांडलेलं पुसा. तेलकट जागी स्टिकर पुन्हा चिकटत नाही, त्यावर टेप लावा. खोबरेल तेल नको. ते २४ अंशांच्या आसपास गोठतं, आणि नागपूरच्या जानेवारीत पंखा सकाळी उठणारच नाही. बूच नसेल, पंखा बंदिस्त असेल, तर तेलाचा नाद सोडा. आणि तेल लागू पडलं तरी ही सलाइन आहे, काही आठवडे ते काही महिने.

तसाच नवा छोटा पंखा बसवावा का? मिळाला तर बसवा. ४० मिलिमीटरच्या प्रमाण पंख्याच्या स्क्रूंमधलं अंतर ३२ मिलिमीटर असतं, पण चिपसेटचे पंखे बऱ्याचदा बिनचौकटीचे असतात, तेव्हा पट्टी घेऊन मोजल्याशिवाय घराबाहेर पडू नये. मला स्वतःला हा मार्ग पटत नाही. जो हमाल ओझ्याखाली मेला, त्याच्याच मापाचा दुसरा का शोधायचा?

मोठा हीटसिंक हा पक्का उपाय, पण त्यासाठी बोर्ड बाहेर काढावा लागतो. मागून, हीटसिंक धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या खुंट्यांची टोकं पक्कडीने दाबायची. चिप आणि हीटसिंकमधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट सुकून सिमेंट होऊन बसली असेल तर हेअर ड्रायरने गरम करून हीटसिंक हलकेच पिळायचा. स्क्रूड्रायव्हरने उचकटलं तर चिपचा कोपरा तुटतो किंवा बोर्डावरची तांब्याची रेघ कापली जाते, आणि दुकानदाराचा सल्ला खरा ठरतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मोहरीपेक्षा जरा मोठा पेस्टचा ठिपका पुरे. पुरणपोळीवरच्या तुपाचा हात इथे चालवू नये. ग्राफिक कार्ड वर टेकणार नाही ना, हे आधी मोजावं.

माझी पसंती १२० मिलिमीटरच्या संथ पंख्याला. ४० च्या तुलनेत तोंड नऊपट, त्यामुळे हजाराच्या आत फेरे घेऊनही काम भागतं आणि आवाज जवळजवळ नाही. हार्ड डिस्कच्या पिंजऱ्याला किंवा मागच्या पट्ट्यांना झिप टायने बांधा, मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घाला. चिपसेटपासून चार-पाच सेंटीमीटर दूर आणि किंचित बाजूला ठेवा, कारण पंख्याच्या मधोमध मोटर असते आणि तिच्यासमोर हवाच नसते. वायर बोर्डावरच्या फॅनच्या पिनांना जोडा. आणि कूलरचा नियम इथेही तोच. मागची खिडकी उघडी नसेल तर कूलर नुसता दमट उबारा करतो, तसंच कॅबिनेटच्या मागचा पंखा हवा बाहेर फेकत नसेल तर आतला पंखा तीच गरम हवा ढवळत बसतो.

जुन्या पंख्याची पिन रिकामी राहिली की काही बोर्ड दर वेळी फॅन एरर म्हणून अडतात, एफ१ दाबा म्हणतात. बायोसमध्ये त्या फॅनवरची देखरेख बंद करायची. झिप टायची लोंबणारी शेपटं नेलकटरने कापून टाका, नाहीतर पात्याला लागून टकटकटक आवाज येईल आणि नवा पंखाही गेला म्हणून तुम्ही परत बर्डी गाठाल.