तक्रार आवाजाची करा, देवाची नको

ठाण्याचं कौतुक करताना आपण एक गोष्ट हमखास सांगतो. तलावपाळीला उभं राहावं, जवळच कौपिनेश्वर, काठावर सेंट जॉन चर्च, टेंभी नाक्याकडे चालत गेलं की पारशांची अग्यारी आणि बेने इस्रायली ज्यूंचं 1879 चं सिनेगॉग. सगळं खरं आहे. पण इमारती शेजारी उभ्या राहिल्या म्हणून माणसं एकमेकांना सांभाळून घेतात, हे काही त्यातून सिद्ध होत नाही.

याच ठाण्यात 1321 साली फ्रान्सिस्कन या कॅथलिक संघाचे चार साधू मारले गेले. ओडोरिक नावाचा त्यांचाच एक साधू पुढच्या एक-दोन वर्षांत इथून गेला, त्याने हकीकत लिहून ठेवली आहे. हे चौघे नेस्टोरियन या पूर्वेकडच्या पंथाच्या एका ख्रिस्ती कुटुंबाकडे उतरले होते. त्या घरात नवरा-बायकोचं भांडण झालं, नवऱ्याने हात उचलला, बाई काझीकडे गेली आणि साक्षीला या पाहुण्यांचं नाव दिलं. साधू आल्यावर काझीने विचारायला हवं होतं, मारहाण पाहिली का? विषय गेला तुमचा देव खरा की आमचा पैगंबर, यावर. पुढे जे झालं ते झालं. मारहाणीची तक्रार मात्र बाजूलाच राहिली.

घोडबंदर रोडच्या, खारघरच्या, नेरुळच्या सोसायट्यांमध्ये काझी नसतो, सेक्रेटरी असतो. घसरण्याची जागा तीच. गाडी आडवी लावली, जिन्यात चपला पडल्या, रात्री अकराला स्पीकर चालू होता. सुरुवात इथून होते आणि तिसऱ्या वाक्याला "हे लोक असेच" येतं.

असं का होतं, याचं उत्तर मनात भरलेला द्वेष एवढंच असतं तर काम सोपं होतं, द्वेष करणारी माणसं मोजकी असतात. अडचण साध्या माणसांची आहे. शेजाऱ्याची श्रद्धा आपल्याला दिसत नाही, फक्त वागणं दिसतं, आणि मधली रिकामी जागा आपण आपल्या मनाने भरतो. भरतानाही हात सारखा चालत नाही. आपल्या पोराने जिन्यात फटाका लावला तर "पोरंच ती", त्यांच्या पोराने लावला तर "संस्कार". स्वतःच्या चुकीला परिस्थिती जबाबदार, दुसऱ्याच्या चुकीला स्वभाव, आणि दुसऱ्या धर्माचा असेल तर थेट त्याचा धर्म.

हेन्री ताय्फेल या मानसशास्त्रज्ञाने 1970 च्या सुमारास ब्रिस्टलमध्ये शाळकरी मुलांवर प्रयोग केले. अगदी क्षुल्लक कारणाने दोन गट पाडले, कोणाला कोणत्या चित्रकाराची चित्रं आवडली, एवढ्यावर. मग पैसे वाटायला सांगितलं. मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं, हे अपेक्षितच. धक्का पुढे आहे: आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालतील, पण दुसऱ्या गटापेक्षा जास्त हवेत, असंही अनेकांनी निवडलं. क्लबहाउस वर्षातले बहुतेक दिवस रिकामं असूनही "त्यांना इफ्तारला दिलं तर पायंडा पडेल" म्हणणाऱ्या कमिटीत आणि त्या मुलांत मला फरक दिसत नाही. नाताळच्या पार्टीला बिनबोभाट दिलं जातं आणि बुद्धजयंतीला "अर्ज करा, बघू" म्हणतात, तेही त्यातलंच.

उपाय काय? मनं जोडा वगैरे मला जमत नाही. तक्रार कशी लिहावी, हे सांगता येतं.

तक्रारीत पाच गोष्टी लिहा: तारीख, कधीपासून कधीपर्यंत, जागा, नेमका त्रास, आणि तुम्हाला काय हवंय. सणाचं नाव, देवाचं नाव, जमातीचं नाव अजिबात नको. लिहून झालं की एक चाचणी घ्या. तिथे तुमच्या घरातला कार्यक्रम आहे असं समजून तेच पत्र पुन्हा वाचा. वाचताना राग आला, तर ज्या शब्दावर आला तो काढून टाका. "भोंगे लावून नुसता उच्छाद" याऐवजी "रात्री 10.20 ते 11.40, बी विंगखाली स्पीकर, झोपमोड, 10 नंतर बंद हवा". दुसऱ्या पत्रावर कमिटीला काहीतरी करता येतं, पहिल्यावर फक्त भांडता येतं.

आवाजाचे आकडे तर कुठल्याच धर्माचे नाहीत. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, रात्र म्हणजे 10 ते 6. रुग्णालय, शाळा, न्यायालयाभोवती 100 मीटर शांतता क्षेत्र, तिथे 50 आणि 40. वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस राज्य सरकार सणासाठी रात्री 12 पर्यंत सूट देऊ शकतं, म्हणून तक्रारीआधी त्या दिवशी सूट आहे का ते पाहा. मर्यादेपेक्षा 10 डेसिबल जास्त असेल तर नियमानेच कोणालाही तक्रार करता येते. फोनवरचं मीटर अंदाजापुरतं, पुरावा म्हणून त्यावर विसंबू नका. आणि जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलं की लाउडस्पीकर हा कुठल्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, आणि तक्रारदाराचं नाव पोलिसांनी उघड करू नये. हा निकाल मशिदीच्या भोंग्यापुरता फॉरवर्ड करणाऱ्यांनी तो आपल्या मंडळाच्या डीजेलाही लावून पाहावा.

वर्गणीचं वेगळंच. मेंटेनन्सच्या बिलात "सांस्कृतिक निधी" म्हणून गणपतीची वर्गणी घुसवणं बंद करा, ती ऐच्छिकच हवी, वेगळ्या पावतीवर. नाही म्हणणाऱ्याकडे संशयाने पाहण्याचंही कारण नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात घेतलेल्या 22 प्रतिज्ञांमध्ये गौरी-गणपतीची उपासना करणार नाही, अशी एक आहे. बौद्ध शेजारी वर्गणी देत नसेल तर तो आपला शब्द पाळतोय, तुमचा अपमान करत नाहीये. प्रसादाचंही तसंच: काही मुसलमान, काही ख्रिस्ती घेत नाहीत, कडक पाळणारे जैन सूर्यास्तानंतर काहीच खात नाहीत. एकदा विचारा, "चालेल का?" नाही म्हटलं की विषय संपला. "अहो, देवाचं आहे, नाही म्हणू नये" हे वाक्य प्रेमाने म्हटलं तरी दमदाटीच असते.

आता जिथे नियमांची सबब चालत नाही तिकडे येतो. भाड्याची घरं. एजंट फोनवर आधी आडनाव विचारतो, मग "सोसायटी अलाउ करत नाही" म्हणतो. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे घर भाड्याने देताना सोसायटीची परवानगी लागतच नाही. सोसायटीला आगाऊ कळवणं, लिव्ह अँड लायसन्सची प्रत आणि पोलिसांना दिलेली माहिती, एवढं पुरतं. मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून लागणारं बिनवापर शुल्क सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांच्या वर घेता येत नाही, भाडेकरू कुठल्याही धर्माचा असो. विकत घेणारा पात्र असेल तर पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही, नाकारलंच तर कारण लेखी द्यावं लागतं आणि सहकारी संस्थांच्या निबंधकांकडे दाद मागता येते. म्हणून तोंडी नकार घेऊन घरी जाऊ नका, अर्जाची पोच घ्या.

पण कायद्यात भोकं आहेत, तीही माहीत असू द्या. घटनेच्या 15(2) मध्ये दुकानं, हॉटेलं, विहिरी, तळी, रस्ते आहेत, खाजगी घरमालकाचा फ्लॅट त्यात नाही. आणि 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीला सभासदत्व पारशांपुरतं ठेवण्याची मुभा दिली. म्हणजे सगळं न्यायालयावर सोडून चालणार नाही.

"आम्ही धर्म बघत नाही हो, फक्त व्हेज हवेत" हे मला सगळ्यात जास्त खटकतं. नवी मुंबई ज्यांच्या भातशेतीवर आणि मिठागरांवर उभी राहिली ते आगरी-कोळी. घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के योजनेत मिळालेल्या त्यांच्या भूखंडांवर कितीतरी टॉवर उभे आहेत. सोमवार-गुरुवार वार पाळून बाकी दिवशी सुके बोंबील भाजणारं त्यांचं घर त्याच टॉवरमध्ये चालत नाही, म्हणजे कमाल झाली. वासाचा त्रास खराच असेल तर स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट डक्टमध्ये की पॅसेजमध्ये सोडलाय ते तपासा. बहुतेक वेळा पॅसेजमध्येच असतो.

गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्ये मांडलं होतं की नुसत्या भेटीगाठींनी पूर्वग्रह जात नाहीत. दर्जा समान हवा, ध्येय एक हवं, ते गाठायला एकमेकांची गरज हवी, आणि वरून पाठिंबा हवा. ईदला शीरखुर्मा आणि दिवाळीला फराळ यात दुसरी-तिसरी अट बसत नाही, म्हणून वर्षानुवर्षं डबे फिरतात आणि मतं जागच्या जागी राहतात. टेरेसच्या वॉटरप्रूफिंगची तीन कोटेशनं काढणं, मे महिन्यातल्या टँकरचा हिशेब, लिफ्टच्या वार्षिक देखभाल कराराची (एएमसी) घासाघीस, यात चारही बसतात. अशा उपसमितीत वेगवेगळ्या घरांतली माणसं मुद्दाम घ्या. त्यांना लहान मुलांच्या फॅन्सी ड्रेसचं काम देऊन "सगळ्यांना सामावून घेतलं" म्हणू नका, सह्या करायचा अधिकार द्या.

सामाईक जागेचा नियम एकच करा, सगळ्यांना तोच: वर्षात प्रत्येक सभासदाला किती दिवस, किती तास, अनामत किती, वीज कोणत्या मीटरवरून, सफाई किती वाजेपर्यंत, अग्निशमनाच्या गाडीची वाट मोकळी. नियमात एकाही सणाचं नाव नसावं. आणि तो सणाच्या आठवड्यात करू नका, तेव्हा प्रत्येक अट कोणाविरुद्ध तरी वाटते. वार्षिक सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि बऱ्याचदा ती नेमकी गणपतीच्या आसपास येते, म्हणून शक्य असेल तर जूनमध्येच घ्या. पूर्ण 14 दिवसांची नोटीस लागते. विषयपत्रिकेवर लिहा, "सामाईक जागेच्या वापराची नियमावली". तिथे "धार्मिक कार्यक्रमांबाबत" असं लिहिलंत तर सभा पहिल्या पाच मिनिटांतच गेली म्हणून समजा.