नुसतं ‘बायस्ड’ म्हणून भागत नाही

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच असली की पहिली शिट्टी वाजायच्या आत एक निकाल लागलेला असतो. रेफ्री बायस्ड आहे. पाटाकडील संघवाले म्हणतात, शिवाजी संघवाले म्हणतात, आणि एखाद्या फाऊलला तर दोन्हीकडचे एका सुरात म्हणतात. पूर्वी ‘मॅनेज झालाय’ म्हणायची पद्धत होती. आता पेठेतलं शाळकरी पोरगंसुद्धा बायस्ड म्हणतं. चॅनेल बायस्ड, वक्तृत्व स्पर्धेचे परीक्षक बायस्ड, धाकट्या सुनेचं कौतुक करणारी सासूही बायस्ड.

माझी तक्रार शब्द इंग्रजी आहे ही नाही. तक्रार ही, की इंग्रजांच्या दुकानात या मालाचे डझनभर प्रकार मांडलेले असताना आपण एकच उचलून आणला आणि सगळीकडं तोच वापरतोय. बायस, स्लँट, स्क्यू, डिस्टॉर्शन ही एकाच रोगाची नावं नव्हेत. रोग वेगळा, म्हणून औषधही वेगळं.

आधी बायसच बघू. उसाचा ट्रॅक्टर वजनकाट्यावर चढला. काटा कधी वीस किलो जास्त दाखवतो, कधी वीस किलो कमी. हा काटा बिघडलेला आहे, पण हंगामभराच्या खेपा धरल्या तर फिटंफाट होते. दुसरा काटा दर खेपेला न चुकता कमीच दाखवतो. हा बायस्ड. आपल्या जिल्ह्यात याला काटामारी म्हणतात आणि त्यावरनं आंदोलनं झालेली आहेत. गंमत अशी की हा दुसरा काटाच जास्त भरवशाचा वाटतो, कारण तेच ओझं पुन्हा चढवलं तरी आकडा तोच येतो. त्याची लबाडी त्याच्यावर कितीदाही वजन करून कळत नाही, दुसऱ्या काट्यावर जावं लागतं.

रेफ्रीचंही तसंच. दोन्ही संघांच्या विरोधात चुका करणारा रेफ्री कच्चा असतो, बायस्ड नसतो. बायस्ड ठरवायला अख्ख्या सीझनच्या शिट्ट्या मोजाव्या लागतील. एवढी चिकाटी कुणाला आहे? शिवी सोपी पडते.

मुळात तो शब्द शिवीचा नव्हताच. फ्रेंचमधनं आला, अर्थ नुसता तिरका. सोळाव्या शतकात इंग्लंडात हिरवळीवर गोळे घरंगळवायचा खेळ होता, त्यातला गोळा मुद्दाम असा केलेला असायचा की सरळ टाकला तरी शेवटी एका अंगाला वळायचा. खेळाडू ते वळण हिशोबात धरूनच गोळा टाकायचा. शिवणकामातही तोच शब्द आहे. आमच्या गल्लीतल्या ब्लाऊज शिवणाऱ्या काकी गळ्याला उरेब पट्टी लावतात ती हीच. कापड 45 अंशांत तिरकं कापलं की ते ताणलं जातं आणि गळ्याच्या गोलाईवर चुणी न पडता बसतं. सरळ पट्टी लावली तर गळा उभा राहतो. म्हणजे तिरकेपणा माहीत असला तर तो कामाला येतो. लपवला की घोळ.

आता पावसाळ्याकडं या. पंचगंगा नदीच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही पुराची इशारा पातळी, 43 फूट ही धोका पातळी, हे इथं झोपेतनं उठवून विचारलं तरी कुणीही सांगेल. समजा पाणी 40 फुटांवर आहे. एक पोर्टल लिहितं, ‘पंचगंगेनं इशारा पातळी ओलांडली’. दुसरं, ‘धोका पातळीला उरले अवघे तीन फूट!’ तिसरं, ‘पाणी अजून धोका पातळीच्या तीन फूट खाली’. तिन्ही खरी, आकडा एकच. पण 2019 चा पूर ज्यानं घरात बघितलाय तो दुसरं शीर्षक वाचून सामान माळ्यावर चढवायला लागतो आणि तिसरं वाचून चहा टाकतो. हा स्लँट. यावर उपाय सोपा, शीर्षक सोडायचं आणि आकडा धरायचा. पण 2019 चा फोटो ‘आत्ताचा’ म्हणून फिरवला तर तो स्लँट नाही आणि बायसही नाही. ते खोटं आहे, त्याला खोटंच म्हणावं. तिथं बायस्ड हा शब्द वापरणं म्हणजे खोटारड्याला सवलत देणं.

डिस्टॉर्शन मात्र कोल्हापूरकराला शिकवावं लागत नाही. विसर्जन मिरवणुकीत डॉल्बीसमोर उभं राहिलं की छातीत कळतं. ॲम्प्लिफायरची जेवढी ताकद तेवढ्यापर्यंत आवाजाची लाट गोल उमटते. त्याच्यापुढं नॉब पिळला की लाटेची टोकं वरनं आणि खालनं छाटली जातात, सपाट होतात. गाणं तेच, गायिका तीच, पण आवाज फाटतो. यात कुठल्या बाजूला झुकणं नाही, वरची आणि खालची टोकं सारखीच जातात. लॅटिनमध्ये या शब्दाचं मूळ ‘पिळणं’ आहे, छळाला इंग्रजीत जो टॉर्चर म्हणतात तोही त्याच मुळातला.

टीव्हीवरची रात्रीची चर्चा अशीच असते. दोघं या बाजूचे, दोघं त्या बाजूचे, सगळ्यांना सारखंच ओरडू दिलं. अँकर छाती ठोकून सांगतो, आम्ही निष्पक्ष. असशील की बाबा! पण प्रश्नाचा पार इस्कोट झाला त्याचं काय? बायस एक वेळ परवडला. काट्यात किती खोट आहे ते कळलं की तेवढी भर घालून खरं वजन काढता येतं. फाटलेल्या आवाजातनं छाटलेली टोकं परत कुठनं आणणार?

स्क्यूचं थोडक्यात. गावात दोन-चार जण एकरी शंभर टन ऊस काढतात, बाकीचे पस्तीस-चाळीसवर. सरासरी काढली तर गाव बरं दिसतं आणि त्या सरासरीएवढा ऊस गावात कुणाचाच नसतो. इथं कुणी लबाडी केलेली नाही, आकड्यांचा आकारच एका बाजूला ओढलेला आहे.

आणि कुणाला विचारायचं त्या निवडीतला बायस. अमेरिकेत 1936 साली राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीआधी अंदाज घ्यायला ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकानं सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका धाडल्या. वीस लाखांहून जास्त परत आल्या, त्यावरनं त्यांनी रूझवेल्टच्या विरोधातले उमेदवार लँडन जिंकणार म्हणून छापलं. जिंकले रूझवेल्ट, 48 पैकी 46 राज्यांत. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या डिरेक्टऱ्या आणि मोटारींच्या नोंदींतनं, आणि मंदीच्या त्या दिवसांत फोन-मोटार असलेल्यांचं मत म्हणजे देशाचं मत नव्हतं. शिवाय बहुतेकांनी उत्तरच दिलं नव्हतं. माणसं वाढवून हा दोष जात नाही.

इकडं एका व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘आमदार कोण हवा’ असा पोल आला होता. ग्रुपचं नाव साहेबांच्या नावानं, डीपी साहेबांचा, ॲडमिन साहेबांचा भाचा. मतं अर्थातच साहेबांना. दोघांनी दुसरंच बटण दाबलं, तर ते दोघं कोण याची चौकशी संध्याकाळपर्यंत चालली होती, आणि खाली एकानं लिहिलं होतं, ‘भावा, पोल बायस्ड आहे.’