एका दिवसात पाच तीर्थं, तीही मे महिन्यात

देवदर्शनाला गाडी करायची तर मे महिन्यातच करा. हिवाळ्यात ऊन सौम्य असतं, पण तेव्हा कापूस वेचायचा असतो, तूर सोंगायची असते, पोट्ट्यांची शाळा असते. शिवाय ४५ अंशांत तापलेल्या काळ्या दगडावर अनवाणी चालल्याशिवाय देव पावतो, यावर घरातल्या मोठ्यांचा विश्वास नाही.

गाडी सात सीटची ठरवा आणि अकरा जण कोंबा. "पोट्टे कुठी मोजता?" एवढं विचारलं की ड्रायव्हर गप्प बसतो. आजीला ओकारी होते ना? मग तिला सगळ्यात मागे, चाकावर, न उघडणाऱ्या काचेजवळ बसवा. हादरे तिथंच जास्त बसतात. समोरची सीट, जिथून रस्ता दिसतो आणि मळमळत नाही, ती जवाईबापूंची. ते कारंजा येईपर्यंत झोपतात.

टायरातली हवा पाहू नका. कमी हवा आणि जास्त वजन असलं की टायरच्या बाजू सारख्या दबतात, तापतात आणि डांबर वितळायच्या वेळेला फुटतात. जॅक-पाना चिवड्याच्या डब्यांखाली, सतरंज्यांच्याही खाली ठेवा. मग सगळं सामान रस्त्यावर मांडता येतं, जाणाऱ्या-येणाऱ्यांनाही दर्शन होतं.

अकोल्याजवळ इंजिनच्या तापमानाचा काटा लालवर गेला की बोनट उघडून लगेच रेडिएटरचं झाकण फिरवा. दाबामुळे आतलं पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल झालं की मात्र क्षणात उसळून तोंडावर येतं. अर्धा तास थांबलं तर असं काही होत नाही, पण मग मेहकर हुकेल. तापल्या इंजिनात बोअरचं गार पाणी ओता. हेडला तडा गेलाच तर ती महाराजांची इच्छा.

कारंजा हे नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान. तिथं घाईनं घंटा वाजवा नि निघा. शेगावला मात्र गुरुवारीच पोचा, म्हणजे रांग पुरेशी मिळते. १८७८ साली गजानन महाराज तिथं पहिल्यांदा दिसले ते उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचून खाताना. हे पोट्ट्यांना नीट समजावून सांगा आणि महाप्रसादाच्या ताटात अर्धी भाजी टाकून उठा. पोटात कचोरीला जागा लागते.

मेहकरच्या बालाजीला पाच मिनिटं पुष्कळ. १८८८ साली जमिनीतून निघालेली काळ्या पाषाणाची एवढी मोठी मूर्ती पाच मिनिटांत पाहून होत नाही, पण लोणार वाट पाहून राहिलं असतं.

लोणारला दुपारी दोन वाजता उतरा. विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद नि १३० मीटरहून जास्त खोल. खोलगटात वारा लागत नाही, बसाल्टचा काळा दगड दिवसभर तापलेला. खाली कमळजादेवीपर्यंत उतरायला सोपं जातं, म्हणून सगळ्यांनी उतरावं, पाण्याची बाटली गाडीत ठेवून. वर चढायचं आहे हे खाली गेल्यावर कळतं. तहान लागली तर सरोवर समोर आहेच. ते खारं आणि क्षारयुक्त आहे, पण तीर्थ म्हणून बाटलीत भरून न्यायला काय जातं? जून २०२० मध्ये ते गुलाबी झालं तेव्हा शास्त्रज्ञांना मिठात वाढणारे सूक्ष्मजीव सापडले. तुम्ही चमत्कारच सांगा, स्टेटसवर जास्त चालतो.

गावातलं दैत्यसूदन मंदिर गाडीतूनच दाखवा. तिथं लवणासुराच्या छाताडावर उभा विष्णू आहे आणि छतावर कोरीवकाम आहे, पण त्यासाठी मान वर करून डोळे अंधाराला सरावेपर्यंत उभं राहावं लागतं. नारळवालाही जवळ दिसत नाही, मग देऊळ कसलं! कोणी विचारलंच तर म्हणा, "पांडवांनी एका रात्रीत बांधलं." विदर्भातल्या कुठल्याही काळ्या दगडाच्या देवळाला हे उत्तर चालतं, जरा शिकलेला माणूस समोर असेल तर "हेमाडपंती".

आपल्या गावातलं जुनं देऊळ पाहून मन खट्टू झालं असेल, तर परतल्यावर वर्गणी काढा. खांबांना पिवळा ऑइलपेंट, गाभाऱ्यात बाथरूमच्या टाइल्स. पेंटनं दगडाची छिद्रं बुजतात, आत शिरलेली ओल बाहेर पडत नाही, आणि काही पावसाळ्यांत यक्षिणीचं नाक पापुद्र्यासारखं गळून पडतं. त्या जागी सिमेंट लावायला गावातला गवंडी असतोच.

सिंदखेड राजाला अंधार पडल्यावर पोचाल. जिजाऊंचं जन्मस्थान बंद दिसलं तर फाटकासमोर फोटो काढा, झालं पाचवं.

घरी आल्यावर रीडिंग पाहून भाडं वाटून घ्या. जवाईबापू पाहुणे, त्यांना मोजू नका. पोट्टे अर्धे धरा. ओकारी धुतल्याचे ड्रायव्हरने मागितलेले दोनशे कोणाच्या वाट्याला घालायचे यावर भांडण झालं, तर ते आजीच्या पेन्शनमधून वळते करा. दर्शन तर तिच्यासाठीच होतं.